मान हलवल्याबद्दलचा खुलासा आणि घराची व्यवस्था

मंगळवार, १० ऑक्टोबर २०२३. सकाळी साडेपाचला उठलो. एक कप चहा केला. रक्तदाबाची गोळी घेतली. नऊला वकिलांकडून टाइप केलेला मसुदा आला. त्यात माझे काहीच नव्हते, म्हणून तो बाजूला ठेवून हे हाताने लिहायला बसलो. फोनवर वाचून दाखवले तेव्हा वकील म्हणाले, "कंसातला मजकूर तरी काढा." मी कंस काढले आहेत, मजकूर ठेवला आहे.

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी नशेत नाही, आणि या वेळी जे चालले आहे ते मला समजते आहे. हा शेवटचा मुद्दा मृत्युपत्रात सहसा घालत नाहीत. इथे तो का घातला, ते कलम दोनमध्ये कळेल. याआधी मी लिहून, बोलून किंवा मान हलवून घराबाबत जे काही केले असेल, ते या कागदाने रद्द होते.

कलम एक. माझी पत्नी ३ मार्चला वारली. आम्हाला मूलबाळ नाही. ती विद्यापीठात फ्रेंच शिकवायची, एकोणतीस वर्षे, आणि एकोणतीसही वर्षे पहिल्या वर्षाच्याच वर्गाला. कारण ती कधी फ्रान्सला गेली नव्हती. विभागप्रमुख तरुणपणी सहा आठवडे जाऊन आले होते. ते वरच्या वर्गांना साहित्य आणि संस्कृती शिकवत. दर वर्षी बढतीच्या वेळी ते तिला सांगत, "बाई, तुमचं व्याकरण माझ्याहून पक्कं आहे, पण तुम्ही तिथल्या हवेत श्वास घेतलेला नाही." घरात आम्ही त्यांना 'सहा आठवडे' म्हणत असू. ती म्हणायची, "त्यांनी श्वास घेतला तो अजून सोडलेला नाही."

कलम दोन. विभागाची शिस्त अशी की उंबरठा ओलांडला की फ्रेंचच बोलायचे. शिपायालाही 'पाणी आणा' फ्रेंचमध्ये सांगतात. त्याला ते कळत नाही, म्हणून सगळे घरून बाटल्या आणतात. माझ्या पत्नीची शोकसभाही याच शिस्तीने झाली. मला पहिल्या रांगेत बसवले. अकरा जण बोलले, दीड तास. मला तिच्या नावाखेरीज काही कळले नाही. चाळीस वर्षे संसार केलेल्या बायकोबद्दल लोक काय सांगताहेत हे न कळता बसणे अवघड असते. पण मी पाहिले की 'सहा आठवडे' हसले की सभा हसते, त्यांनी मान खाली घातली की सभेच्या माना खाली जातात. मीही तसेच केले. चार लोकांत उघडे पडू नये, एवढाच हेतू.

शेवटी ते माझ्याकडे वळले आणि काहीतरी लांबलचक विचारले. मला वाटले, चहा घेणार का विचारताहेत. मी मान हलवली. सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या वाजल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. चहासाठी जरा जास्तच झाले असे मनात आले.

जिन्यात एक तरुण सहायक प्राध्यापिका मागून आली. म्हणाली, "काका, काय ठरलं हो शेवटी? माझं निम्मं डोक्यावरून गेलं. कोणाला सांगू नका."

आठ दिवसांनी पत्र आले, या वेळी आपल्या भाषेत. मी भर सभेत जाहीर केल्याप्रमाणे राहते घर फ्रेंच विभागाच्या अभ्यासकेंद्रासाठी देत असल्याबद्दल आभार. सोबत दारावर लावायच्या पाटीचा नमुना. त्यात वर उद्‌घाटक म्हणून 'सहा आठवडे', आणि खाली, बारीक अक्षरांत, तिचे नाव. मी चौतीस वर्षे नकाशांवर अक्षरे काढली आहेत. तिचे नाव तिथे मावावे म्हणून नव्हे, रिकामी जागा उरू नये म्हणून घातले होते. हे मला दिसते.

मी जाऊन भेटलो. म्हटले, "सर, मला त्या दिवशी काही समजलं नव्हतं."

"अहो, पण तुम्ही मान हलवलीत. चाळीस माणसांसमक्ष."

"सगळेच हलवत होते."

"भावनेला भाषा लागत नाही," ते म्हणाले. हे मात्र त्यांनी आपल्या भाषेत सांगितले, मला नीट कळावे म्हणून.

तेव्हापासून माझा धाकटा भाऊ त्या चाळीस साक्षीदारांच्या धास्तीने दर रविवारी फोन करतो. "दादा, घर हातचं जाईल. त्यापेक्षा विकून मोकळा हो. भाषेला घर कशाला लागतं?" भावाला वडिलांची सायकल आणि भिंतीवरचे घड्याळ द्यावे. घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, त्याला तसेच आवडते.

कलम तीन. घर. यासाठी चिठ्ठ्यांबद्दल लिहिणे भाग आहे. पत्नीने घरातल्या वस्तूंवर फ्रेंच शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकूण त्रेसष्ट. विद्यार्थी घरी आले की फिरून वाचत. ती इस्पितळात असताना मी घराला रंग लावून घेतला, घरी येईल तेव्हा स्वच्छ दिसावे म्हणून. रंगाऱ्याने चिठ्ठ्या सोडवून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या. कुठली कुठे होती हे मला ठाऊक नव्हते. मी शब्दाच्या लांबीवरून अंदाज केला. मोठ्या वस्तूला लांब शब्द, लहान वस्तूला आखूड. पट्टी लावून, एका उंचीवर, नवीन डिंकाने चिकटवल्या. काम नीटनेटके झाले. ती घरी आली नाही.

नंतर विभागाची मंडळी भेटायला आली. बारा जण, जिन्यातल्या त्या प्राध्यापिकाही त्यांत, सगळे फ्रेंचचे जाणकार. 'सहा आठवडे' पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले, चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "किती नेमकं! हीच तिथली संस्कृती." बाकीच्यांनी माना हलवल्या. निघताना दारावरची चिठ्ठी प्रत्येकाने वाचली आणि प्रत्येक जण गंभीर झाला.

पुढच्या आठवड्यात इस्पितळातल्या नर्सबाई तिची वही परत द्यायला आल्या. वय शेहेचाळीस, पत्नीच्या संध्याकाळच्या वर्गाच्या विद्यार्थिनी. तोंडी परीक्षेत दोनदा नापास, कारण परीक्षक 'सहा आठवडे', आणि प्रश्न कळला नाही की या बाई 'कळला नाही' असे सांगून टाकतात. पत्नी त्यांच्याच वॉर्डात होती. सलाइन लावता लावता दोघींचा अभ्यास चाले. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"काका, एक विचारू? दारावर 'कचऱ्याची बादली' का लिहिलंय?"

मी म्हटले, "आत या. पुढचं वाचा."

त्या वाचत गेल्या. आरशावर 'बटाटे'. फ्रिजवर 'खिडकीचा पडदा'. पुस्तकांच्या कपाटावर 'कपडे धुण्याचा साबण'. माझ्या आरामखुर्चीवर 'झुरळांचं औषध'. त्रेसष्टांपैकी तीन बरोबर निघाल्या, त्याही योगायोगाने. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, मग मीही हसलो. ती गेल्यापासून या घरात कोणी हसले नव्हते.

त्यांनी आणलेल्या वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होते. मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "'मला समजलं नाही.' बाई दर वर्षी पहिल्या तासाला एवढंच शिकवायच्या. म्हणायच्या, हे आलं की बाकीचं येतं." एकोणतीस वर्षे दर पहिल्या तासाला. मी त्यांतल्या एकाही तासाला नव्हतो, आणि सभेत मला नेमके तेवढेच वाक्य हवे होते.

म्हणून हे राहते घर, आतल्या सर्व पुस्तकांसह, माझ्या पश्चात नर्सबाईंना मिळावे. अट एक. पुढच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी फ्रेंचचा पहिला वर्ग चालवावा, आणि त्यात 'समजलं नाही' म्हणणाऱ्याला कोणी हसू नये. हे त्यांना सांगितले तेव्हा म्हटले, तुम्हाला थांबावे लागेल. त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, काका. वॉर्डात काम करते मी, मला थांबायची सवय आहे."

कलम चार. बँकेतली ठेव. पत्नीच्या कपाटात एक निळी सूटकेस आहे, आतली किंमतीची चिठ्ठीही तशीच. लग्नाच्या नवव्या वर्षी तिला फ्रान्समध्ये नऊ महिने राहून शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. ते पत्र तिने माझ्या ड्रॉइंग बोर्डवर ठेवले. मी पेन्सिल तासत होतो. म्हटले, "जा ना. मी कुठे अडवतोय?" आणि पेन्सिल तासत राहिलो. पेन्सिल आधीच टोकदार होती. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पत्र उचलून आत गेली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी अडवले नाही, असे मी एकतीस वर्षे म्हणत आलो. आज शुद्धीवर असल्याचे लिहून देतो आहे, तर हेही लिहितो. अडवले. 'सहा आठवड्यां'नी तिची बढती रोखली, पण त्यांना कारण मी पुरवले.

ठेवीतून नर्सबाईंनी, त्यांची इच्छा असेल तर, नऊ महिने तिकडे जाऊन यावे. निळी सूटकेस न्यावी. यासाठी मात्र माझ्या मरणाची वाट पाहू नये. रक्कम मी याच महिन्यात त्यांच्या हवाली करणार आहे. उरेल ते त्यांच्यानंतर तोंडी परीक्षेत नापास झालेल्या कोणालाही द्यावे.

कलम पाच. नकाशाची पेटी, पट्ट्या आणि कंपास तंत्रशाळेला द्यावेत. पेन्सिल तासायची सुरी कोणालाही देऊ नये.

कलम सहा. फ्रेंच विभागाला, पाटीचा नमुना परत. 'सहा आठवड्यां'ना, कपाटावरची ती नेमकी चिठ्ठी, काचेच्या चौकटीत बसवून. माझी शोकसभा घ्यायची झाल्यास कोणत्याही भाषेत घ्यावी, पण अर्ध्या तासात आटपावी, आणि चहाचे विचारताना कप हातात धरून विचारावे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले, आणि मला ते मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. वेळ: दुपारी चार.

सही: आरेखक, निवृत्त

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. शेरा: 'नाडी, रक्तदाब व बुद्धी ठीक. घर देत असूनही.'

साक्षीदार दुसऱ्या: फ्रेंच विभागातील सहायक प्राध्यापिका, जिन्यात भेटलेल्या. शेरा: 'पूर्ण वाचले. पूर्ण समजले.'

सह्यांनंतरची नोंद. दोघे साडेचारला गेले. निघताना प्राध्यापिका दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, ही चिठ्ठी चुकलीय." मी म्हटले, "माहीत आहे. मार्चमध्ये का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "सगळे गप्प होते."

त्या गेल्यावर सुरीने चिठ्ठी अलगद सोडवली. फाटली नाही. स्वयंपाकघरात कचऱ्याच्या बादलीवर पट्टी न लावता चिकटवली, थोडी तिरकी आली. बादली भरली होती. ती खाली नेऊन रिकामी करून आलो.