काट्यांच्या पलीकडचा बांध

३ डिसेंबर
बसवराज भावजींनी आज वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. रस्त्यालगत त्यांचं रान, मागं आमचं, आमच्या मागं ओढा. चुलतदीर झाले म्हणून काय, आम्ही जायचं कुठून?
"तुमच्या बांधात अळीचं म्हायेर हाय, वहिनी. जेसीबीनं साफ करू द्या, मग वाट तुमचीच."
मधला बांध आमचा. बोरी, तरवड, खाली एकदांडीची फुलं. म्हणे घाटेअळी तिथून त्यांच्या हरभऱ्यात उतरते. माझ्या हरभऱ्यात काय मला विचारून येते?

६ डिसें.
ओढ्यातून गेले. गुडघाभर पाणी, चिखल. ह्यांचा पुण्याहून फोन.
"भावकीत वाकडं नको. बांध सपाट करून टाक."
"अन् अळी?"
"फवारायचं की."
फवारणीचा ट्रॅक्टर काय डोक्यावर घेऊन ओढा ओलांडू? फोन ठेवला आणि रडले. सातबारा ह्यांचा, भाऊ ह्यांचा, चिखल तेवढा माझा.

११ डिसें.
अळी पडली. रानाच्या मधोमध घाटे पोखरलेत. औषध नाही, वाट नाही. नुसतं बघत बसायचं.
बांधालगतच्या ओळींत मात्र वेगळंच. अळ्या वाळून पानाला चिकटलेल्या, शेजारी तांदळाच्या कणीएवढा करडा कोष. एक काडेपेटीत घालून आणला.

१५ डिसें.
काडेपेटीतून बारीक काळी माशी निघाली, मुंगीला पंख फुटावेत तशी. अळीच्या पोटात वाढली असणार. बांधावर जाऊन बसले तर एकदांडीच्या फुलांवर ह्याच! तिथं मध प्यायचा आणि आमच्या अळीत अंडी घालायची. म्हणजे माहेर आहे, पण अळीचं नाही, अळीच्या वैरिणीचं.
सासूबाईंना सांगितलं. "दिराला सांग की," म्हणाल्या आणि कूस बदलली.

येळवस, शुक्रवार
आज वेळ अमावस्या, शेतातला सण; आज कुणाची वाट अडवत नाहीत. भावजींनी स्वतःच काट्या ओढून बाजूला केल्या. कडब्याची कोप उभारून आत पांडवांची पूजा, मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, आंबील. त्यांची पोरं आमच्या हरभऱ्यात घाटे लागलेले ढाळे उपटून खात होती. जाऊबाई ओरडल्या, "आपल्यातलं नगा खाऊ रे, परवाच फवारलंय!"
भावजी आंबील प्यायला आले. बांधाजवळ वाकले, वाळकी अळी नखानं उचलली.
"हे काय वो, वहिनी?"
सांगितलं. फुलावरची माशी दाखवली. बराच वेळ बघत बसले. मग आणखी एक तांब्या आंबील मागितली. मला वाटलं, वाट मोकळी झाली.
अंधार पडायच्या आत काट्या परत वाटेवर.

२३ डिसें.
जाऊबाई ओढ्यावर भेटल्या. दुसऱ्या फवारणीनंतरही त्यांच्यात अळी आहेच. बांधाकडची कड तेवढी बरी, म्हणाल्या.
संध्याकाळी ह्यांचा फोन. "म्या त्याला मागंच हो म्हणलोय. उद्या येतंय जेसीबी." मागंच! मला विचारायचंसुद्धा नाही.

२४ डिसें.
जेसीबी आला. मी बांधावर जाऊन उभी राहिले.
चालक म्हणाला, "कुठून लावू?"
भावजींनी त्याला चहाला धाडलं. मग माझ्याकडं न बघता, "वहिनी, माझ्याकडची कड ठिवली तर? तुमच्याकडची तेवढी काढू."
म्हणजे कळलंय भावजींना. सगळं कळलंय.
"आधी काट्या काढा, भावजी."
"गावादेखत टाकल्यात. आता काढल्यावर लोकं काय म्हणतील?"
"मग जेसीबी न्या परत."
"अन् हरभरा कुठून काढताव? ओढ्यातून?"
मी बांधावरच खाली बसले.
चालक आला, दोघांची तोंडं बघितली, उद्या येतो म्हणून गेला. मशीन तिथंच उभं आहे, काट्यांच्या अलीकडं. पलीकडं बांध. भावजी त्यांच्या वाटेनं घरी गेले, मी ओढ्यातून.