दोन वायसर

मामाजी, तो बोल्ट मी गच्च कसला होता. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, ती गोष्ट तर त्याच्याही आधीची, आणि इतकी वर्षं तुमच्याशी भांडायला माझ्याजवळ पुरावा नव्हता. आता आहे. म्हणून भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, तुमच्याच स्टुलावर बसून लिहिते आहे. सासऱ्याला सुनेनं उलट बोलू नये म्हणतात. पण मीही आता सासू झाले, सत्तरीला टेकले. उलट बोलायचं माझं वय आत्ता कुठं आलं आहे.

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण देते. लकडगंजात आरामशिनीच्या मागं आपली टिनाची शेड, आणि तिच्यात दिवसभर ऑइल इंजिनांचा धूर. तुमच्या मुलाला ऑफिसातली खुर्ची आवडे, त्यामुळं दुपारचा डबा मीच घेऊन यायची. तुम्ही जेवायचे तेवढा वेळ मी खोललेलं इंजिन पाहत उभी राहायची. शिकवलं तुम्ही काहीच नाही, पण हाकललंही नाही, आणि माझ्यासारखीला तेवढं पुरलं. एक दिवस तुम्ही एक पाना माझ्यापुढं धरला. त्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. "घे वं. बांगड्या वाजते त वाजू दे, पाना सटकला नाही पायजे." माहेरून आलेल्या पाटल्यांपेक्षा मला तो पाना जास्त मोलाचा वाटला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग तो नरखेडकडचा संत्र्याच्या बागेवाला आला. त्याच्या विहिरीवरचं इंजिन फुटलं होतं, तुम्ही त्याला दुसरं जुनं इंजिन बसवून दिलं. पट्टा फिरवणारी पुली शाफ्टच्या टोकाला एकाच बोल्टनं बसायची. ते काम तुम्ही मला दिलं, आणि बोल्टही तुम्हीच काढून दिला, फुटलेल्या इंजिनाचा. "हाच लाव, चांगला आहे." मी तो कसला. पान्यावर लोंबकळून, टाचा उचलेपर्यंत कसला. चौथ्या दिवशी तो माणूस एसटीनं आला आणि गोणपाटात बांधलेली पुली, बोल्टासकट, त्यानं तुमच्यापुढं धाडकन टाकली. "मिस्त्री, निंघून भिंतीले लागली हे. माही माय बाजूलेच बसून होती. थोडक्यात वाचली."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "कसला नाही काय वं तुनं?"

"कसला होता, मामाजी."

"मंग निंघाला काहून?"

तुम्ही त्याच्याकडं वळलात. "बाईचा हात आहे भाऊ, जोर राहून राहून किती राहणार? चूक माहीच, तिच्या हाती देलं मीनं." आणि मग मला, मान न वळवता, "जा, चाय मांड."

मी चहा मांडला. साखर टाकायची राहिली, तुम्ही दोघांनी तो तसाच गुमान प्यायला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः नरखेडला जाऊन पुली बसवून आलात. ती पुन्हा कधी निघाली नाही. पुढं कितीतरी वर्षं, पाहुणे आले की तुम्ही ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी तळहात उघडून दाखवायचे. "हाताचा फरक." मी आत पोळ्या लाटत असायची. पाना तांदळाच्या कोठीत ठेवून दिला होता. तुम्ही असेपर्यंत मी दुकानात पुन्हा हात काळे केले नाहीत.

तुमची तेरवी झाल्यावर तुमचा मुलगा म्हणाला, शेड विकून टाकू. मी चौदाव्या दिवशी शटर उचललं. लोक यायचे, आत डोकावायचे, विचारायचे, "मिस्त्री कुठी आहे?" मी म्हणायची, "समोर उभी आहे. बोला." अर्धे परत जायचे. उरलेल्या अर्ध्यांवर मी घर चालवलं. आता ऑइल इंजिनं राहिली नाहीत, फवारणीचे पंप येतात, गवत कापायची यंत्रं येतात. गेल्या आठवड्यात लग्नाच्या लॉनवरची एक मोठी मशीन आली, बसून चालवायची. तिचं इंजिन बसलं होतं. भंगारातल्या दुसऱ्या मशीनचं चांगलं इंजिन मिळालं, ते आम्ही चढवलं. इंजिनाच्या शाफ्टला खालून एक क्लच असतो, तो पाती फिरवतो आणि थांबवतो, आणि सगळा एका लांब बोल्टवर लटकतो. तो बोल्ट माझ्याकडं काम करणाऱ्या बाईनं कसला. चाळिशीची आहे, वर्षभरापूर्वी विजेच्या मोटारींत तार भरायच्या कारखान्यातून आली, दोन लेकरं आहेत आणि बोलणं कमी. मशीन लॉनवर गेली नि अर्ध्या तासात खडखडत परत आली. बोल्ट ढिला. तिनं पुन्हा कसला. मशीन पुन्हा परत आली, या खेपेला मॅनेजरसकट. "आजी, संध्याकाळी स्वागत समारंभ आहे. पाती निघून पाहुण्याच्या पायात गेली म्हणजे?"

यानंतरचं मी थोडं पुढं सांगते. आधी माझी बाजू ऐका.

मी स्वतः खाली झोपले. गुडघा कुरकुरत होता, मॅनेजर म्हणाला, राहू द्या, कंपनीचा माणूस बोलावतो. म्हटलं, बस तिथं गुमान. तुमच्या रबरवाल्या पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून, अंगातलं होतं नव्हतं ते लावून मी बोल्ट कसला. अंगणातच वीस मिनिटं मशीन चालवली. ढिला! तेव्हा कुठं डोकं चालू झालं. पुन्हा गच्च कसला आणि बोल्टाखालच्या चकतीला, वायसरला, सहज बोट लावलं. ती फिरली, मामाजी. बोल्ट हलायला तयार नाही आणि त्याच्याखालचा वायसर सैल जोडव्यासारखा बोटानं फिरतो आहे. बोल्ट काढला, खराट्याची काडी शाफ्टच्या भोकात घातली, नखानं खूण केली आणि बोल्टाशी लावून पाहिली. या इंजिनाचं भोक उथळ होतं. बोल्ट जुन्या इंजिनाचा, दोन सूत, म्हणजे पाव इंच लांब. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकत होता आणि तिथंच गच्च होत होता. क्लचवर त्याचा दाब पडतच नव्हता. हाताला वाटतं, झालं, कसला गेला. मग तो हात बाईचा असो की पहिलवानाचा.

दोन सूत भरून काढायला मी तुमच्या जुन्या डब्यात हात घातला. दोन जाड वायसर तळहातावर घेतले आणि तशीच उभी राहिले. कारण हे मी आधी पाहिलं होतं. त्या दिवशी नरखेडला निघताना तुम्ही पिशवी भरत होतात. पुली टाकली, तोच बोल्ट टाकला आणि याच डब्यातून वायसर काढले. एकाच्या जागी दोन. मला वाटलं होतं, एखादा हरवला तर असावा म्हणून.

दोन कशाला घेतलेत, मामाजी? रात्रीतून तुम्हीही शेडमधल्या तसल्याच दुसऱ्या इंजिनात काडी घालून पाहिली होती ना? बोल्ट लांब आहे आणि तो तुम्हीच मला काढून दिला होता, हे तुम्हाला कळलं होतं. कळलं होतं, तर घरी येऊन एवढंच का नाही म्हणालात, की पोरी, तुनं कसला होता? चार शब्द. हाताचा फरक नव्हता तो, दोन वायसरचा फरक होता. तुमच्या फोटोला हार घालते मी दर वर्षी, पुढंही घालीन. पण ही गोष्ट आता कोणी काढली तर पूर्ण सांगीन, वायसरसकट.

मशीन तासभर चालवली. बोल्ट जागचा हलला नाही. समारंभ नीट झाला.

आता राहिलेलं सांगते. मॅनेजर तावातावानं आला तेव्हा, खाली झोपण्याआधी, मी त्या बाईला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कसला नाही काय वं?" ती म्हणाली, "कसला होता, काकू. दोन्ही खेपा." आणि मी मॅनेजरकडं वळून म्हणाले, "हात हलका आहे तिचा. मी पाहते." तुमचंच वाक्य, मामाजी. इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं कोण जाणे, पण लगेच हाताशी आलं.

मशीन गेल्यावर तिनं हात पुसत विचारलं, "काकू, काय होतं मंग?"

वायसर कसे, काडी कशी, सगळं जिभेवर होतं. मी म्हणाले, "काही नाही वं. बसला आता."

ती "बरं" म्हणाली आणि चहा मांडायला गेली. मी तिला थांबवलं नाही.