हब क्रमांक दोन आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, पूर्वीचा धंदा कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवरची टर्नर, सध्याचा धंदा घरच्या मागच्या खोलीत तोच, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणवत नाही. येत्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे, आणि सर्जनबाईंनी त्यातला धोका आडपडदा न ठेवता सांगितला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट असले काही लिहू नकोस म्हणून मुलाने दोनदा फोन केला. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट मी त्यातून वगळली होती.

कलम १. वकीलबाई म्हणाल्या, पहिले कलम घराचे असते. माझे पहिले कलम हबचे आहे.

माझ्या धाकट्या भावाची लाकूड कापायची गिरणी आहे. तिथल्या गोल करवतीचे पाते ज्या जाड लोखंडी बैठकीवर बसते तिला हब म्हणतात. हबच्या पोटात निमुळते भोक असते आणि ज्या फिरत्या दांड्यावर तो चढतो त्या शाफ्टचे टोकही तसेच निमुळते असते. याला आम्ही टेपर म्हणतो. दोन्ही टेपर एकमेकांत पूर्ण लांबीभर घट्ट बसले आणि वरून नट आवळला, की पाते जागचे हलत नाही. अकरा वर्षांपूर्वी असे दोन हब मी याच घरात, एकाच सेटिंगवर केले. पहिला चालत्या मशीनवर सुटला आणि माझ्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. दुसरा त्याच्या कपाटात पडून आहे. परवा मला कळले की त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, ते बंद मशीन येत्या सोमवारी चालू करणार आहे आणि त्यावर हा दुसरा हब चढवणार आहे.

तो चढवू नये. शुक्रवारी मी टेबलावरून उठले नाही तर हे कलम त्याच दिवशी, रडारड सुरू व्हायच्या आधी, भाचीला वाचून दाखवावे. हबचे दोन तुकडे करून ते भंगारात द्यावेत. मी उठले तर स्वतः सांगेन.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, मग आजच फोन उचलून सांग की. ते मलाही कळते. पुढे वाचावे.

कलम २. राहते घर मुलाला. मागच्या खोलीच्या तेलाच्या वासाने त्याचे डोके दुखते, तरी त्याच वासावर त्याचे शिक्षण झाले. सूनबाईने तिथे खुशाल तिला हवी तशी बैठक करावी, फक्त फरशीवरचे काळे डाग निघणार नाहीत, ते घासत बसू नये. बँकेत दवाखान्याचे भागवून जे उरेल ते नातीला.

कलम ३. लाल डबीतला मायक्रोमीटर माझा नाही. तो आमच्या फोरमनचा आहे. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर विचारले होते, "बाई, लेथवर पदर अडकला तर मशीन कोण थांबवणार?" मी म्हटले, "मी पदर खोचते, तुम्ही तोंड आवरा." त्यानंतर त्याने मला तीन वर्षे नुसते वॉशर करायला लावले. मी निवृत्त झाले त्या दिवशी त्याचा मायक्रोमीटर पिशवीत घालून आणला. तो त्याला परत करावा. पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही, पण दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मरू नये असे मला वाटते.

कलम ४. माझे कपडे कोणी वाटून घेऊ नयेत. सगळ्यांवर तेलाचे डाग आहेत.

कलम ५. लेथ, काम पकडायचे त्याचे चक, सगळी टूल्स आणि डायल गेज भाचीला, हे तिला आधीच सांगितलेले आहे. ती बारा वर्षांची असल्यापासून या खोलीत येते. हात चांगला आहे, घाई नाही. तिला एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ही चूक नवशिक्याच्या हातून होत नाही. ज्याला काम येते असे वाटते त्याच्याच हातून होते.

कोन बरोबर लावला की टेपर बरोबर येतो, असे नाही. टूलचे टोक नेमके सेंटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या कामाच्या मध्यरेषेच्या, उंचीला हवे. ते दोन मिलिमीटर खाली राहिले तर कोन अचूक असूनही भोक आतल्या बाजूला वाजवीपेक्षा मोठे होते, आणि हब शाफ्टला फक्त तोंडाशी धरतो. त्या दिवशी टूल बोथट झाले म्हणून मी घासून पुन्हा बसवले. घासल्यावर ते खाली जाते, त्याखाली पत्र्याची पट्टी सरकवावी लागते. ती राहिली. दुपारी जेवायला नणंद येणार होती आणि मला त्याआधी काम हातावेगळे करायचे होते.

तेवढ्यावर भागले असते, कारण नंतर आपण निळा रंग लावून तपासतो. शाफ्टवर रंगाचा हात फिरवायचा, हब चढवायचा, जरासा फिरवून काढायचा. भोकात जिथे निळे लागले तिथे पकड आहे. हा रंग अगदी पातळ लावायचा असतो. जाड लावला तर तो फटीतही भरतो आणि सगळीकडे लागल्यासारखा दिसतो. मी जाड लावला. मला माहीत नव्हते असे नाही. मला काम बरोबर आलेले बघायचे होते, म्हणून जाड लावला.

कलम ६. माझ्या धाकट्या भावाला मी काय देणार, याचा विचार दोन दिवस करते आहे.

अपघातानंतर मी दवाखान्यात गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, नट मी आवळलाच नसेल गं. आवळल्याचं आठवतच नाही मला." मी म्हटले, "जाऊ दे, होतं असं." तोवर मला खरेच माहीत नव्हते. आठ दिवसांनी तो सुटलेला हब शाफ्टसकट माझ्याकडे आला. या वेळी मी रंग पातळ लावला. तोंडाशी बोटभर निळे, बाकी सगळे कोरे. मी तो पुसला, खालच्या खणात टाकला, आणि अकरा वर्षे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

या अकरा वर्षांत माझा भाऊ गॅस बंद आहे का ते चारदा बघायला लागला. कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येतो. गाडी चालवणे सोडले. भावजय चारचौघांत म्हणते, "यांना साधा नट आवळता आला नाही, यांच्यावर काय सोपवायचं?" आणि तो मान खाली घालून ऐकतो. मी समोर बसून ऐकते. माझ्यासारख्या टर्नरची चूक म्हटली असती तर माझी अब्रू गेली असती, त्याची गेली तर चालेल, असे मी ठरवून टाकले होते. त्याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

म्हणून कलम ६ असे, की भावाला

इथे मी काल थांबले. आज बुधवार. पुढचे आज लिहीत आहे.

सकाळी दहा वाजता भाची दारात उभी. एका हातात गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट, दुसऱ्या हातात हब क्रमांक दोन.

"आत्या, बाबांनी पाठवलंय. म्हणतात, आधी ताईच्या नजरेखालून घाल, मगच चढव."

माझ्या छातीत धडधडायला लागले, आणि ती धडधड झडपेची नव्हती. "ठेव तिथे. उद्या बघते," मी म्हटले.

"उद्या तुला ॲडमिट करणारेत. आत्ताच बघू ना." तिने माझ्या कपाटातून निळ्या रंगाची डबी काढली, शाफ्टवर लांबीला तीन रेघा ओढल्या, पातळ, मीच शिकवल्या तशा. हब चढवला, फिरवला, काढला, खिडकीशी नेऊन आत पाहिले.

"हे बघ गं. नुसतं तोंडाशीच लागलंय. पडून पडून झिजला असेल, नाही का?"

"असेल," मी म्हटले.

मृत्युपत्रात खोटे लिहायचे नाही, म्हणून हेही लिहिते. मला आयतीच वाट मिळाली होती. हब दुरुस्त होण्यासारखा होता. तो नीट करून द्यायचा, भाचीच्या जिवाचा धोका टळणार, कलम १ फाडून टाकायचे, आणि कोणाला कधी काही कळणार नाही.

आम्ही कामाला लागलो. शाफ्ट उलटा करून दोन सेंटरांमध्ये धरला, डायल गेजचा काटा टेपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला, आणि काटा अजिबात हलेना तेव्हाच टूल ज्यावर बसते त्या वरच्या स्लाइडचे बोल्ट आवळले. शाफ्ट उतरवून हब चकमध्ये मध्यावर आणला. टूलचे टोक लेथच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टेलस्टॉकच्या सेंटरच्या अणीला टेकवून पाहिले. अर्धा मिलिमीटर खाली होते. मी पट्टी सरकवली, पुन्हा पाहिले, आणि आणखी एकदा पाहिले.

"आत्या, तू बाबांसारखं करायला लागलीस," भाची हसून म्हणाली. मी हसले नाही.

अडचण अशी, की काप फार घेता येत नव्हता. भोक जसे मोठे होते तसा हब शाफ्टवर पुढे सरकतो, आणि पुढे शाफ्टचा खांदा, म्हणजे जिथे तो एकदम जाड होतो ती कड, आहे. मध्ये मोजून तीन मिलिमीटर जागा होती. हब खांद्याला टेकला तर टेपर घट्ट होतच नाही, आणि मग तो पहिल्यापेक्षाही वाईट. भोकाला एक दशांश मिलिमीटर घेतले की हब एक मिलिमीटर पुढे. त्यात वरच्या स्लाइडला आपोआप चाल नसते, हँडल दोन्ही हातांनी, न थांबता, एका गतीने फिरवावे लागते. मी धरले. एका गतीने फिरेना. पहिल्याच कापात भोकात एक पुसट वळ उठला.

"सरक," भाची म्हणाली. "मी फिरवते, तू बघ."

तिने फिरवले. मी आवाज ऐकत उभी राहिले. दुसऱ्या कापानंतर पाहिले तर निळे अर्ध्यापर्यंत आले होते. हब एक मिलिमीटर सरकला होता. तिसरा काप केसाच्या निम्म्याहून कमी ठेवला, मग तसाच चौथा. रंग पुसला, पुन्हा तीन रेघा, पुन्हा हब चढवला. काढायला गेलो तर निघेना. लाकडी हातोड्याने मागून ठोकल्यावर सुटला. आत तोंडापासून शेवटपर्यंत निळे, आणि खांदा अजून दीड मिलिमीटर लांब. माझा जीव भांड्यात पडला. आता सोमवारी काही होणार नव्हते.

भाचीने हब गुंडाळायला घेतला. "बाबांना सांगते, आत्याने नीट करून दिला. बरं वाटेल त्यांना. सकाळपासून तीनदा म्हणाले, नट तू आवळू नकोस, दुसऱ्या कोणाकडून तरी आवळून घे, आपल्या घरात कोणाला ते जमत नाही. आता मलाही वाटायला लागलंय, मी विसरले तर?"

ती हे सहज बोलली. मी स्टूल ओढले.

"पडून राहिलेला हब झिजत नाही," मी म्हटले. "बस खाली."

मी तिला सगळे सांगितले. पट्टी, नणंद, जाड रंग, खालचा खण. मग तिने चिंध्यांनी हात पुसले, फार वेळ पुसले, आणि फोन लावला. "बाबा, आत्याकडे या. आत्ता. नाही, ती बरी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा लेथ मला नको."

कलम ५ मी बदलत नाही. नको असेल तर तिने तो माझ्यानंतर नाकारावा.

भाऊ तीन वाजता आला. मी पहिला हब खणातून काढून त्याच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितले, बसून सांगितले असते तर रडले असते. तो हबकडेच बघत होता.

"मग नट?" त्याने विचारले.

"आवळलेला होता. हे बघ, नटाच्या कडेची खूण. लोखंडात रुतलीय. सैल नटाची अशी खूण उठत नाही."

त्याने उरलेल्या बोटांनी ती गोल खूण चाचपली. "म्हणजे मी आवळला होता."

"आवळला होतास."

"नक्की?"

"नक्की. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"ताई, तू तेव्हाच पाहिलं होतंस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. भाचीने त्याला पाणी दिले, ते तो प्यायला. मग त्याने टेबलावरचे हे कागद ओढले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. मी थांबवले नाही.

कलम ६, पुढे चालू. भावाला मी वस्तू कोणतीही देत नाही. पहिला हब त्याने घेऊन जावा आणि भावजयीला ती खूण दाखवावी. तिला सांगावे, मी, तिच्या नणंदेने, लिहून दिले आहे की तिच्या नवऱ्याने नट आवळला होता. कलम १ आता कामाचे राहिले नाही, तरी ते खोडू नये. मी आधी काय करणार होते ते कळू दे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि मला तो मान्य आहे. तो चांगला वाटतो म्हणून मान्य नाही, खरा आहे म्हणून आहे.

ठिकाण: घराची मागची खोली, लेथशेजारी. वार बुधवार, दुपारचे साडेचार.

सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिले: समोरचे घड्याळजी. मला बोलावून आणले. बाईंनी माझ्यादेखत सही केली. मजकूर मी वाचलेला नाही, त्याची गरज नाही असे सांगण्यात आले. सही.

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर समजून घ्यावे. हे लिहिणारी माझी मोठी बहीण. तिने माझ्यासमोर सही केली तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर होती. अकरा वर्षांपूर्वीही होती, हे मी विसरणार नाही. शुक्रवारी सकाळी ऑपरेशनच्या वेळी मी दाराबाहेर बसणार आहे, दुसऱ्या कोणी बसू नये. तिने जिवंत बाहेर यावे. मला तिच्याशी खूप भांडायचे आहे. सही.