जपानी गिटारचं वायरिंग

आई, गेल्या शनिवारी मी तुझी गिटार परक्या माणसांसमोर उघडू दिली. तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तेवढी वर्षं ती माझ्याकडे आहे, पण तिच्या अंगावरचं, आतलं वायरिंग झाकणारं पांढरं झाकण मी एकदाही काढलं नव्हतं. इथे, मी आता राहते त्या रेडमंडला, वाद्यांच्या एका दुकानामागे खोली आहे, तिथे महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण जमतो. सगळ्यांकडे जपानमध्ये बनलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी आहेत. तुझ्या मामाने जहाजावरच्या नोकरीत असताना कोबेहून तुझ्यासाठी आणली, तशाच. कॉफी घेऊन बसायचं आणि वाद घालायचा, एवढंच आमचं काम. एकाचं म्हणणं, सुरुवातीच्या गिटारींची मान जाड असते, बोटं दुखतात, स्विच खरखरतात. दुसरा म्हणतो, लाकूड बघ, जोड बघ, नखसुद्धा शिरत नाही. शाळेत शिकवणारी एक बाई आहे, ती दर वेळी तेच सांगते, की तेव्हा याला लोक खेळणं म्हणायचे आणि आता तेच लोक शोधत हिंडतात. मी बहुतेक वेळा ऐकत बसते. माझं मत मी एकदाच दिलं होतं आणि तेही लेखी.

सहा वर्षांपूर्वी या गिटारींच्या मालकांच्या वेबसाइटवर मी लिहिलं होतं, 'आवाज गोड, बांधणी भक्कम, पण आतल्या वायरिंगचा भरवसा नाही. आमची भर कार्यक्रमात बंद पडली.' लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. इतकी वर्षं घरात सगळे तेच म्हणत आले होते, तूसुद्धा.

तो दिवस तुला आठवत असणारच. आपण राहायचो त्या ईडन प्रेरीची शाळा, मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम. मी पंधरा वर्षांची, शाळेच्या नाटकांचा साउंड बघणारी, म्हणून सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर माझ्या हातात दिलेला. गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प कुणाकडे नव्हता, त्यामुळे तुझी वायर थेट सभागृहाच्या सिस्टिमला जोडली होती. तू हिरवी साडी नेसली आहेस, पट्टा खांद्यावर, पदर कमरेला खोचलेला. पुण्याला लग्नाआधी लेडीज ऑर्केस्ट्रात वाजवायचीस, तशीच उभी आहेस. या देशात आल्यापासून सहा वर्षांत मी तुला फक्त कारखान्याच्या निळ्या कोटात आणि स्वयंपाकघरात पाहिलेलं. तू वाजवायला लागलीस आणि पहिल्या दोन ओळींतच समोरच्या काका-काकूंचं बोलणं थांबलं. माझ्या शेजारी माझ्या वर्गातली मुलगी बसली होती, मदतीला आलेली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इज दॅट युअर मॉम?" तिच्या आवाजात काय होतं ते मी तपासलंच नाही. माझे कान तापले. मिक्सरवर तुझ्या गिटारच्या आवाजाच्या बटणावर माझं बोट होतं, ते मी सावकाश खाली ओढलं. पार तळापर्यंत.

तुझी बोटं थोडा वेळ तशीच चालत राहिली. मग तू वायर हलवून पाहिलीस, बटणं फिरवलीस आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलंस. हाताने विचारलंस, काय झालं? मी दोन्ही हात पसरून दाखवले, मला काय माहीत! पेटीवाल्या काकांनी गाणं सावरून नेलं. तू नमस्कार केलास आणि आत गेलीस. तुझा एकही सूर चुकला नव्हता, आई.

गाडीत बाबा म्हणाले, "जुनी वस्तू आहे, त्यात जपानी. किती दिवस टिकणार?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आजवर कधी दगा दिला नव्हता तिने." मी मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलं.

खरं तर तिथेच संपलं असतं. पण तू पडलीस सर्किट बोर्ड जोडणारी बाई. दिवसभर भिंगाखाली सोल्डरिंग करायचं आणि एकही जोड कच्चा ठेवायचा नाही, हे तुझं काम. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तू टेबलावर वर्तमानपत्र पसरलंस, गिटार त्यावर आडवी ठेवलीस आणि मला हाक मारलीस. "टॉर्च धर गं जरा." मी टॉर्च धरला. तू स्क्रू काढून बशीत ठेवलेस, झाकण उलटं केलंस आणि मीटर घेऊन एकेक जोड तपासायला लागलीस. मीटर दर वेळी पीं करून वाजायचा, म्हणजे जोड ठीक. पीं. पुढचा. पीं. मला वाटत होतं, एकदा तरी गप्प बस रे बाबा. "हात हलवू नकोस," तू ओरडलीस, "मला दिसत नाही." मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. सगळे जोड तपासून झाले तेव्हा तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालीस, "दोष सापडत नाही गं."

आता सांगावं, असं तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस. कदाचित टॉर्चकडे बघत असशील. मी म्हटलं, "मग?" तू म्हणालीस, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं." आणि मग धडधाकट असलेले सगळे जोड तू वितळवलेस आणि पुन्हा केलेस. दीड तास. सोल्डरचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता. डोळ्यांत पाणी कशाने, असं तू विचारलंस आणि मी धुराचं नाव सांगितलं.

पुढच्या वर्षी मंडळाच्या काकूंचा फोन आला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तू हसून म्हणालीस, "नको गं, भरवसा नाही आता त्या गिटारचा. ऐन वेळी फजिती होते." त्यानंतर तू घरातसुद्धा वाजवलं नाहीस. शेवटी हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे मी रोज तुझ्या शेजारी बसत होते. आपण शेजाऱ्यांवर, भाज्यांवर, बाबांच्या पथ्यावर बोललो.

तर गेला शनिवार. आमच्यात एक म्हातारा आहे, विमानांचा मेकॅनिक होता, आता रिटायर्ड. त्याच्याकडे तुझ्याच गिटारची जुळी बहीण आहे. तो मला म्हणाला, "तुझं ते मत वाचून मी माझ्या गिटारचं आतलं सगळं वायरिंग काढून टाकलं. नवीन घातलं. आता तो जुना आवाज येत नाही. तुझ्या गिटारमध्ये नेमकं काय बिघडलं होतं, ते मला बघायचंय." मी गिटार त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. त्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. बाकीचे खुर्च्या ओढून जवळ आले. कुणीतरी दिवा वळवला. मी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी होते आणि तो पुरता गार झाला होता.

झाकण उघडून त्याने दिवा आणखी जवळ ओढला. मग म्हणाला, "हे काम कुणी केलंय?"

"माझ्या आईने."

"इतके स्वच्छ जोड मी विमानातसुद्धा क्वचित पाहिलेत." त्याने बोटाने दाखवलं. "पण बदललं काहीच नाही तिने. वायरी त्याच, बटणं तीच, तारांचा आवाज टिपणारे पिकअप तेच. सोल्डर तेवढं नवीन. बिघडलेलं असं इथे काहीच नव्हतं. मग बंद कशी पडली?"

"कधीकधी वायर आत..." मी सुरुवात केली. तो वाट बघत राहिला. सगळेच वाट बघत होते. "ती बंद पडलीच नव्हती," मी म्हटलं. "मिक्सरवर मी होते. मी आवाज बंद केला."

शिक्षिकेने विचारलं, "आणि आईला सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावलाच होता. "माझ्या जुन्या वायरी मी कचऱ्यात टाकल्या," एवढंच तो म्हणाला, आणि झाकण परत बसवून, एकेक स्क्रू हाताने पिळून, माझ्याकडे न बघता कोट चढवून बाहेर पावसात निघून गेला. त्याला थांबवावं असं वाटलं, पण थांबवून काय सांगणार होते?

घरी येऊन मी वेबसाइटवरचं ते मत काढून टाकलं आणि नवीन लिहिलं, की ही गिटार कधीही बंद पडली नाही, चूक माझी होती, ज्यांनी माझ्या शब्दावर वायरिंग बदललं त्यांची मी माफी मागते. दोघातिघांनी लगेच खाली विचारलं, नक्की काय चूक? उत्तर दिलेलं नाही. मग वाटलं, ज्या माणसाला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्याला सोडून सगळ्यांना सांगत सुटले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

लिहून झालं की हलकं वाटेल, असा अंदाज होता. तसं काही वाटत नाही. तुला दोष शोधून काढायची सवय होती, तेव्हा हा शेवटचा मीच दाखवते. तू आज ईडन प्रेरीला असतीस, फोनवर असतीस, 'जेवलीस का' म्हणून विचारलं असतंस, तर मी यातलं अक्षरही बोलले नसते. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं.