प्लंबरने बूट बदलले होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बेडूक संवर्धन केंद्रातील निवृत्त मुख्य संगोपिका, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचं वाचून वहिनीला शंका येईल. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं होतं, फक्त खरं तेवढं नव्हतं.

१. माझं राहतं घर पुतणीला द्यावं. भावाने वाईट वाटून घेऊ नये. त्याला कुठलीही गोष्ट हातात आली की विकायची घाई होते, हे तो स्वतःही नाकारणार नाही. बँकेत जे काही उरेल ते त्याच्या औषधपाण्यासाठी.

२. फ्रिज वहिनीला. त्यात मी बेडकांच्या खाण्याचे किडे ठेवायचे म्हणून तिने वीस वर्षं नाक मुरडलं. एकदा तिने चटणीचा समजून किड्यांचा डबा उघडला, आणि मग तीन दिवस घरात किरकिर चालली होती, किड्यांचीसुद्धा. फ्रिज धुऊन ठेवला आहे. तिची माफी मागायची राहिली होती, ती इथे मागते.

३. भिंग, हेडफोन आणि सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या केंद्रातल्या आताच्या मुख्य संगोपिकेला. नोंदी विश्वासाने वापराव्यात. फक्त अकराव्या वहीतला एक महिना खोटा आहे. तो मी खालच्या कलमात दुरुस्त करते आहे.

४. निळा दोरा बांधलेला लांब चिमटा कोणालाही देऊ नये. तो केंद्राच्या दारात काचेमागे ठेवावा आणि खाली पुढचा मजकूर लावावा.

आमचा बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा, पोटाला पिवळा. त्याचा ओढा धरणाखाली गेला. वाचवून आणलेले पन्नास बेडूक केंद्राच्या दोन खोल्यांत होते, आणि आम्ही समजत होतो की जगात उरलेत ते एवढेच. दोन हंगाम नर मुके राहिले. पाणी गार केलं, पाऊस पाडला, ओरडण्याचं रेकॉर्डिंग लावलं, काही उपयोग झाला नाही. नर ओरडला नाही तर मादी अंडी घालत नाही. मी अगदी जेरीला आले होते.

मग मी एकटी धरणाच्या वरच्या अंगाला गेले, आणि एका झऱ्याशी एक नर ओरडत होता. मी त्याला जेवणाच्या डब्यात घालून आणलं. बाहेरून आलेल्या जनावराला साठ दिवस वेगळं ठेवायचं, हा नियम माझ्याच हातचा, दारावर चिकटवलेला. मी त्याला थेट मोठ्या खोलीत नेलं, वेगळ्या पेटीत. मनाशी म्हटलं, आवाजातून कुठे रोग पसरतो? संध्याकाळी तो ओरडला आणि आमच्या नरांनी त्याला उत्तर दिलं. मी तिथेच खाली बसून रडले. तिसऱ्या दिवशी अंडी मिळाली, ती मी लगेच शेजारच्या खोलीत हलवली.

हातमोजे मी दर पेटीला बदलत होते. चिमटा मात्र एकच होता. आनंदाच्या भरात त्याला आधी भरवलं आणि त्याच ओल्या चिमट्याने बाकीच्यांना. त्याच्या कातडीवर बुरशी होती. त्याला तेव्हा काही होत नव्हतं, आमच्यांना झालं. महिन्याभरात मोठ्या खोलीतले एकेचाळीसच्या एकेचाळीस मेले, आणि शेवटी तोही. तो बेचाळिसावा मी वहीत लिहिला नाही. घरी आणून कुंडीत पुरला.

५. त्याच महिन्यात केंद्राचे प्लंबर त्या खोलीतली गळती काढायला आले होते. सकाळी त्यांनी बागेतलं तळं उपसलं होतं. चौकशीत ठरलं की तळ्यातली बुरशी त्यांच्या बुटांबरोबर आत आली. ते म्हणाले, "बूट बदलले होते मी. ताई दारातच उभ्या होत्या, त्यांना विचारा."

मला विचारलं. मी पाहिलं होतं. बाकावर बसून, वाकून, त्यांनी आपले बूट काढले आणि आतले निळे चढवले. लेस नीट बांधली, तीही मी पाहिली.

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

त्यांची नोकरी गेली. गावात त्यांना बेडूकमाऱ्या म्हणू लागले. शेजारच्या खोलीतल्या नऊ बेडकांपासून आणि त्या अंड्यांपासून आज तीनशे झाले आहेत, आणि दारात माझा फोटो आहे. बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की खरं सांगितलं असतं तर केंद्र बंद पडलं असतं. ती थाप होती. मला माझी खुर्ची प्यारी होती. तेव्हाच्या संचालकांवर माझा राग आहे, कारण दोन तासांत त्यांनी बळीचा बकरा शोधला. पण तो बांधून दिला मी.

६. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर केंद्राच्या सर्व कर्मचाऱ्यांसमोर वाचावं, आणि दारातला माझा फोटो उतरवावा.

७. कलम सहा रद्द. त्याचं कारण असं.

वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो. म्हणून आज मी प्लंबरना घरी बोलावलं. त्यांनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. चहा तसाच राहिला.

"हे लोकांना कधी वाचून दाखवणार?"

"मी गेल्यावर."

"ताई, मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे."

मी त्यांच्या चहावर बशी झाकली.

"आणि आमची ही तर गेलीसुद्धा. शेवटच्या आजारपणात मला म्हणाली, आता तरी खरं सांगा, बूट बदलले होते ना? घरात एवढंच एक माणूस होतं माझ्या बाजूचं. तिलाही खात्री नव्हती."

हे कुठल्या कलमात बसवावं ते मला कळत नाही. मेल्यावर कबूल करायचं म्हणजे पुन्हा एकदा तोंड चुकवायचं. म्हणून कलम चार आणि पाच मी उद्या सकाळी नऊ वाजता केंद्राच्या दारात उभी राहून, जिवंतपणी, स्वतः वाचणार आहे. प्लंबर येणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

स्थळ : माझं घर
दिनांक : नऊ मार्च
सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले : डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरे : प्लंबर, निवृत्त. सहीच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे :
बाईंनी माझ्यासमोर सही केली. माझं लक्ष होतं.