सहा फुटी सळई

३ फेब्रुवारी
अर्थिंगच्या एका सळईची खरी किंमत आज कळली. दोन माणसं, सव्वा तास, तीनशे चाळीस घाव, माझ्या तळहाताला दोन फोड आणि फोरमनच्या अंगठ्याचं नख. सहा फुटांपैकी जमिनीत गेली किती? दीड फूट!

एकतीस वर्षं सैन्याच्या रेडिओ-गाड्यांसाठी ही सळई बनवतोय. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसातून न जाता सळईतून जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. आणि कारखान्यामागच्या टेकडीवर ती स्वतः ठोकून बघायला आज पहिल्यांदा गेलो. दीड फुटावर आवाज बदलला. मऊ धप्प गेलं, कोरडं ठण्ण आलं. माझे कान तिखट, खाली खडक आहे हे लगेच कळलं. तरी ठोकत राहिलो. हट्ट, दुसरं काय!

सोमवारी आलेल्या सैन्याच्या पत्राने हे सुचलं. एका डोंगरी ठाण्यावर जवानाने गाडीचं दार धरलं आणि चिकटला. जीव वाचला, उजवा हात गेला. चौकशीत निघालं — सळई जमिनीत नव्हती, गाडीतच पडलेली. म्हणजे जवानाचा हलगर्जीपणा. तसं ठरलं तर नोकरीही जाणार, पेन्शनही. आमच्याकडून लेखी हवंय, सळईत खोट आहे का? बारा तारखेपर्यंत.

४ फेब्रुवारी
हात खांद्याच्या वर जात नाही. हिने तेल चोळलं. ‘एकसष्टाव्या वर्षी सळया ठोकायचे डोहाळे!’

६ फेब्रुवारी
धाकटा भाऊ डोक्यातून जात नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याने माझ्या टेबलावर पंधरा खुंट्या ओतल्या होत्या. वीतभर लांबीच्या, तांब्याच्या तारेच्या वेणीत ओवलेल्या. ‘दादा, तिकडे डोंगरात खडक आहे. सहा फूट कोण ठोकणार? त्यापेक्षा या पंधरा वरवर ठोकायच्या, काम तेच. एकदा टेकडीवर ये, स्वतः ठोकून बघ.’ सगळे कामगार ऐकत होते. मी म्हणालो, ‘बावीस वर्षांत माझी एकही सळई परत आलेली नाही! तुझ्या खुंट्यांनी तंबू बांध जा!’

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

तो एक-एक खुंटी गोळा करून गेला, तो आजतागायत कारखान्यात आला नाही.

आणखी एक, जे कुणाला सांगितलेलं नाही. तपासणीला साहेब आले की सळई कायम मागच्या नळापाशी ठोकून दाखवायची. सांडपाण्याने तिथली माती लोण्यासारखी. ओल्या मातीत वीज सहज मुरते, मीटरचा काटा कसा छान खाली पडायचा! ती जागा मीच निवडली होती. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

८ फेब्रुवारी
सैन्याच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन. ‘दोन ओळी लिहा हो. सळई निर्दोष, वापरणाऱ्याची चूक. तुम्ही सुटलात, आम्हीही सुटलो.’ आवाजात साखर. पण मधेच हात फोनवर ठेवून कुणाला तरी म्हणाले, ‘करतोय तयार म्हाताऱ्याला.’ वाटलं असेल ऐकू जात नाही.

आणि खोटं कुठे होतं? सळई निर्दोषच आहे. हेच तर पोखरतंय.

९ फेब्रुवारी
धाकट्याकडे गेलो. मोटारी रिवाइंड करायचं एवढंसं दुकान, बसायला एकच स्टूल, ते त्याने माझ्याकडे सरकवलं. सगळं सांगितलं. तो तार गुंडाळत राहिला. मग फळीखालून पिशवी काढली. त्याच खुंट्या!

टेकडीवर गेलो. पंधरा खुंट्या, अकरा मिनिटं! साध्या हातोडीने, त्याने एकट्याने. मीटर बघून त्याने मला नुसता दाखवला; काटा नळापाशी पडायचा तसाच पडला होता. ‘सांगितलं होतं ना’ म्हणाला असता तर बरं झालं असतं.

उतरताना एवढंच बोलला, ‘दादा, नाही म्हणायचं होतं तर म्हणायचंस. हसायला काय झालं होतं?’

 

११ फेब्रुवारी
लिहिलं. सळई खडकात जात नाही. खडकाळ जागेसाठी दुसरा उपाय नऊ वर्षांपूर्वी समोर आला होता, तो मी हसण्यावारी नेला. तपासण्या ओल्या जागेत दाखवल्या. जवानाची चूक धरू नये.

फोरमन वाचून म्हणाला, ‘मालक, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा!’ हिने कागद दोनदा वाचला. ‘पाठवा.’

शेवटी एक ओळ मात्र घातलीच — एकतीस वर्षांत आमची एकही सळई परत आलेली नाही. जित्याची खोड!

१७ फेब्रुवारी
उत्तर नाही. साहेब फोन उचलत नाहीत. धाकट्याला फोन केला, त्याने उचलला. खुंट्यांबद्दलच बोललो.

२ मार्च
सकाळी ट्रक आला. सगळ्या ठाण्यांवरचा माल परत, तीनशे तेरा सळया. फोरमनने आणि मी एकेक मोजून घेतली.

एकीवर त्या जवानाच्या गाडीची चिठ्ठी आहे. माथा घावांनी चेचलेला, टोक बोथट, ओरखडे दीड फुटापर्यंत.

बाकी तीनशे बारांवर आमचं ग्रीस तसंच आहे आणि कारखान्याची कागदी पट्टी फाटलेली नाही.