दादाचा खोकला

३ नोव्हेंबर
दादा कन्नडहून आला. उतरल्यापासून ठसका. बी.पी.ची गोळी सुरू झाली तेव्हापासून ही कोरडी ढास लागलीय म्हणे. "मेंढरं बुजायलीत गं सुमे माझ्या खोकण्यानं." हसलो दोघं. ज्येष्ठमध दिलं चघळायला.

१९ नोव्हेंबर
दादाचा फोन. आवाज एकदम मोकळा. "गोळी सोडली. खोकला बी गेला. लई हलकं वाटतंय."
डॉक्टरांना विचारलंस का?
"दुखत नाय, खुपत नाय. काय विचारायचं?"
माझ्या शाळेचं गॅदरिंग आटपलं की इथं बोलवून मोठ्या डॉ.कडं नेते म्हटलं.

११ डिसेंबर
सरकारी दवाखाना. सकाळी चहा पिताना दादाच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं. वहिनीनं जीप करून आणला. उजवी बाजू लुळी. वाचा गेलीय. बी.पी. दोनशेच्या वर. गॅदरिंग परवा आहे. जाणार नाही.

१२ डिसें.
डॉक्टरबाईंनी समजावलं. शरीरात एक रसायन बनतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. दादाची गोळी ते बनू देत नाही. वाहिन्या सैल राहतात, दाब उतरतो. त्या गोळीनं काहींना कोरडा खोकला होतो. "सांगितलं असतं तर बदलून दिली असती. दुसऱ्या प्रकारच्या आहेत, त्यांनी सहसा खोकला होत नाही. पण मनानं बंद करायची नाही. वाढलेलं बी.पी. माणसाला जाणवत नाही."
एवढंच होतं तर. डॉक्टरांना एक फोन.

१४ डिसें.
वहिनी जिन्यात बसून रडली. "वन्सं, खोकला गेला म्हणून मी साखर वाटली हो."
मीही खूशच झाले होते. तिला सांगितलं नाही. सांगायला हवं...

२३ डिसें.
घरी सोडलं. सध्या आमच्याकडंच. पाणी नीट गिळता येतं आता. वाचेचं डॉ. नक्की सांगत नाहीत.

२४ डिसें.
नवी गोळी समोर धरली. दादानं ओठ घट्ट मिटले. "ही ती नाय दादा, हिनं खोकला नाही व्हायचा." माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत राग की भीती, कळेना. शेवटी वहिनीच्या हातून तोंडात घेतली. पाणी प्यायला. तोंड उघडून दाखव म्हटलं, तर भिंतीकडं वळून झोपला.